जाडी की बारकी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही ताईने दिली. म्हणाली, "तू एकच गोष्ट मनात घोळवत बसतोस आणि चेहरा असा करतोस की बघणाऱ्यालाच धाप लागते. त्यापेक्षा लिहून काढ." म्हणून लिहितो आहे. नववी सुटल्यापासून सलग असं काही लिहिलेलं नाही. पण शुद्धलेखन माझं तेव्हाही चांगलं होतं. शब्दकोश उशाशी ठेवला आहे.

कालपासून पिशव्यांच्या कारखान्यात जात नाही. ताई आणि भाऊजी लोकांना खडक चढायला शिकवतात. गावाबाहेर बंद पडलेली दगडखाण आहे, तिच्या उभ्या भिंतींवर. सामान ठेवायला त्यांच्या घरामागे पत्र्याची खोली आहे. ती खोली आजपासून माझी. दोर, हेल्मेट, धातूच्या कड्या, स्लिंगा, सगळं बघायचं, पुसायचं, खराब झालं तर बाजूला काढायचं. चढायचं मात्र नाही. मला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा भिंतीला धरून उभं राहावं लागतं.

नोकरीचं एकाएकी ठरलं, ते रविवारच्या प्रकारामुळे. ताई भिंतीच्या वरच्या टोकाला होती. बोल्टला स्लिंग अडकवताना तिच्या हातातून कडी सुटली आणि शिकायला आलेल्या एकाच्या हेल्मेटजवळून सूं करत खाली गेली. भाऊजी ओरडले, "अगं, खाली माणसं आहेत!" ताई वरूनच म्हणाली, "स्लिंग लाकडासारखी झालीय. हातात वळतच नाही. ह्या सगळ्या काढून टाका आता."

ताईच्या हातून आजवर कधी काही पडलेलं नाही. म्हणजे स्लिंग खरंच वाईट झाली असणार. आज ती घेऊन मी बराच वेळ वळवून पाहिली. मला तेवढी कडक वाटली नाही. पण मी नवा आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्लिंग म्हणजे काय, ते मी माझ्या शब्दांत लिहून ठेवतो, म्हणजे मला समजलं आहे की नाही ते मलाच कळेल.

पट्टीची दोन टोकं एकमेकांवर ठेवून शिवली की जो गोल वेढा तयार होतो ती स्लिंग. खडकात ठोकलेला बोल्ट आणि माणूस ह्यांच्यामध्ये ती असते. दमून थांबताना, उतरताना, दोर बदलताना माणूस तिच्यावर लटकतो. त्या वेळी बाकी काही नसतं. स्लिंग असते आणि खाली हवा असते.

दोन प्रकार आहेत. एक नायलॉनची. रुंद, जाड, वजनाला जास्त, पाणी पिते. ओढली की थोडी लांबते. दुसरी एका पांढऱ्या धाग्याची. बोटाएवढी अरुंद, खिशात मावते, पाण्याने बिघडत नाही. तो धागा रंग घेतच नाही, म्हणून अशा स्लिंगेत कुठेतरी पांढरा दिसतोच. रंगीत असतो तो कडेला विणलेला दुसरा धागा. हे मला कारखान्यामुळे लगेच कळलं आणि भाऊजींना माहीत नव्हतं. त्यांनी पाठ थोपटली तेव्हा मला उगीचच भीती वाटली.

ताकद दोघींचीही भरपूर आहे. तसं असेल तर हलकी घ्यावी, असं कुणीही म्हणेल. भाऊजी तेच म्हणतात. पण पांढरी लांबत नाही. माणूस पडला तर सगळा झटका ती जसाच्या तसा पुढे ढकलते, बोल्टला आणि माणसाच्या कंबरेला. शिवाय गुळगुळीत आहे, उष्णतेने लवकर वितळते, आणि तिच्यात गाठ मारली तर निम्मी ताकदसुद्धा राहीलच असं नाही.

खोलीत आम्ही दोघींना जाडी आणि बारकी म्हणतो. नावं भाऊजींनी ठेवली.

ताईला विचारलं, "तुला कोणती?" ती चहा पीत होती. कप दोन्ही हातांनी धरला होता, सकाळी गारठा असतो म्हणून. म्हणाली, "मला सांभाळून घेणारी हवी."

हा उत्तर देण्याचा प्रकार झाला का? सांभाळून घेणं हे काही मापात बसत नाही. तरी लिहून ठेवलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरी फार लाज आणणारा प्रकार घडला.

मी दुकानदाराशी फोनवर बोलत होतो. दुकानदार म्हणजे लांबच्या शहरात चढाईचं सामान विकणारा माणूस, अजून पाहिलेला नाही, आवाज मात्र ओळखीचा झाला आहे. मी बोलत होतो, "बारकी दिसायला छान आहे हो, हलकीफुलकी आहे, पण गाठ बांधली की निम्मा दम जातो असं तुम्हीच म्हणालात. जाडी थोडी ताणते, पण तुटत नाही. ताईचं मन जाडीवर आहे. भाऊजींना बारकीच पाहिजे. मला काही ठरवता येत नाही."

फोन ठेवला तर आई दारात. डोळे भरलेले.

"मला सांगायचं तरी! दोन-दोन स्थळं आली आणि आईला पत्ता नाही?"

"आई, अगं..."

"जावयाला विचारलं, बहिणीला विचारलं. मी मेले काय? कुणाच्या मुली आहेत?"

"दुकानातल्या आहेत."

"म्हणजे नोकरी करतात. चांगलं आहे की."

मी सगळं समजावून सांगेपर्यंत तिने मावशीला फोन करून टाकला होता. मावशीने तिकडून जाडीच्या बाजूने मत दिलं. मग मी पिशवीतून दोन्ही नमुने काढून आईच्या हातात ठेवले. ती आधी हसली, पदर तोंडाला लावून, खुर्चीत बसून हसली. मग बारकी बाजूला ठेवली आणि जाडी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ ओढत राहिली.

"ही ताईसाठी?" म्हणाली.

"हो."

"मग हीच घे. ती दुसरी तिला देऊ नकोस. कळलं का? कोणी काहीही म्हणू दे."

आईला ह्यातलं काय कळतं? पण तिचा आवाज असा होता, की मी हो म्हणालो.

ताई हल्ली रोज सकाळी आईकडे येते आणि आई तिची वेणी घालते. शाळेत असताना घालायची तशी. ताई म्हणते, घरी वेळ मिळत नाही. इथे येऊन-जाऊन तेवढाच वेळ जातो, हे मी तिला सांगितलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. आईची लाडकी तीच, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी थोडं लागतंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज खाणीत पडण्याची चाचणी केली. कल्पना माझी. दुकानदार सांगतो ते खरं असेल, पण खरं असेल ह्या भरवशावर मी झोपू शकत नाही.

जुन्या क्रशरचा एक लोखंडी ठोकळा तिथे पडून आहे, भाऊजींच्याच वजनाचा. भिंतीतल्या बोल्टला स्लिंग लावली, स्लिंगेला ठोकळा. कप्पीने ठोकळा बोल्टच्या उंचीपर्यंत चढवला आणि सोडून दिला. म्हणजे माणूस बोल्टपाशी चढून उभा राहिला आणि पाय घसरला, तर जे होईल ते. आम्ही दोघं लांब, दगडाच्या आड.

जाडीने ठोकळा झेलला. बोल्ट करकरला, ठोकळा थोडा वर उसळला, मग झुलत राहिला. तिच्यात गाठ मारून पुन्हा टाकला. पुन्हा झेलला. गाठ मात्र दगडासारखी आवळली गेली.

गाठ मारलेल्या बारकीतून ठोकळा सरळ खाली गेला. अडला असं वाटलंसुद्धा नाही. आवाज झाला तो ठोकळा जमिनीत रुतल्याचा. बोल्टला पांढऱ्या धाग्यांची दाढी लोंबत होती.

भाऊजींनी जाऊन तिला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "चांगलंय, ठोकळ्याला बायको नव्हती."

पण ऐकणारे नव्हेत ते. म्हणाले, "असं पडतं कोण? बोल्टच्या वर ढिल्या स्लिंगेनं जायचंच नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतो आपण. गाठ मारू नका, वर जाऊ नका. सुळक्यावर वजन महत्त्वाचं."

सुळका म्हणजे खाणीपलीकडच्या डोंगरावर बोटासारखा उभा आहे तो. त्याच्या मागच्या अंगाने वर जायची एक वाट ताईने लग्नाआधीच हेरून ठेवली आहे. कुणीच तिथून गेलेलं नाही. दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायची. ह्या वर्षी म्हणते, "आत्ता नाही तर राहिलंच." मार्चच्या पहिल्या रविवारी ती आणि भाऊजी जाणार. बोल्ट ठोकत वर, आणि उतरून परत.

ताई तेवढ्यात आलीच. तुटलेली बारकी पाहून म्हणाली, "मला जाडी."

भाऊजी म्हणाले, "तू कधी पडलीस गं आजवर?"

"मला जाडी हवी म्हटलं ना."

"अगं पण कारण?"

ती उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून उभी होती. "कारण बारकी माणसाला चूक करू देत नाही," म्हणाली आणि निघून गेली.

भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी बहीण हल्ली भाषण देते."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मागणी दिली. दोघांनाही जाड्या. भाऊजींनी शेवटी हात जोडले. "एक बायको, एक जाडी. दोन-दोन बायका सांभाळायच्या आता मला," म्हणाले.

ताईने आणखी एक वस्तू मागवायला लावली. खालच्या किंवा वरच्या माणसाचा दोर ज्यातून सोडतात ते उपकरण, पण नव्या प्रकारचं. दोराला झटका बसला तर ते आपोआप दोर आवळून धरतं. धरणाऱ्याचा हात सुटला तरी. भाऊजी म्हणाले, साधं आहे की चांगलं. ताई म्हणाली, "तुझ्यासाठी मागवतेय. गप्प बस."

दोघांचं प्रेम आहे हे चांगलंच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

स्लिंगा आल्या. नव्या पट्टीला एक वास येतो, कोऱ्या दप्तरासारखा. मी एकेकीची शिवण भिंगाखाली पाहिली. आडव्या टाक्यांचे दाट पट्टे, धागा पट्टीच्या रंगाहून वेगळा, म्हणजे एखादा टाका उसवला तर लगेच दिसावा. हे ज्याने ठरवलं त्याला मला भेटायला आवडेल.

दुपारी एक चांगली गोष्ट सुचली. कुणाची कोणती ते गोंधळायला नको, म्हणून काळ्या पक्क्या शाईच्या पेनाने पट्टीवर नावं घातली. ताईच्या स्लिंगांवर ‘ताई’, दीर्घ ई, सगळीकडे सारखी. भाऊजींच्या अजून राहिल्या आहेत, ‘भाऊजी’ लांब पडतं.

ताईला दाखवल्या. तिने अक्षरावरून अंगठा फिरवला, डाव्या हाताचा. "शाळेत लेबलं तूच लिहायचास माझ्या वह्यांवर," म्हणाली. "धाकटा असून."

आज बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज अक्षर चांगलं येणार नाही.

दुकानदाराचा फोन आला, सामान नीट पोचलं का विचारायला. मी कौतुकाने नावांचं सांगितलं.

"कुठे लिहिलंत? शिवणीवर जे कापडी लेबल असतं, त्यावर ना?"

"नाही, पट्टीवर. मधोमध. दिसावं म्हणून."

तो म्हणाला, "बघा, शाईत काय काय घातलेलं असतं, कुणाला माहीत. काही शाया धाग्याला कमजोर करतात. तुमची करेलच असं नाही. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक?"

"मी तरी बहुतेकवर माणूस लटकवत नाही," म्हणाला.

आठ जाड्या. सगळ्या ताईच्या. प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर, जिथे भार येतो तिथे, मी माझ्या हाताने सुवाच्य अक्षरात तिचं नाव लिहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सगळ्या आठ कापल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी असू दे म्हणालं असतं, आणि मी ऐकलं असतं.

भाऊजींनी तुकडे पाहिले आणि त्यांचा आवाज खोलीच्या पत्र्यावर आपटला. "अक्षर चांगलं आहे म्हणून दिसेल तिथे गिरवायचं का रे? उद्या दोरावर पाढे लिहिशील! चार दिवसांवर आलंय सगळं, दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्याशिवाय माल नाही."

मी म्हणालो, "तुमच्यातल्या..."

"माझ्या चारच आहेत, त्या वाटेत बोल्टबोल्टला लागणार. आता बारकी घेईल ती. आहेत त्या. मुकाट्याने."

"नको," ताई म्हणाली. ती दारात कधी आली कळलं नाही. चेहरा पांढरा झाला होता. "मग जायचं नाही. पण बारकी नको."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं जिच्यासाठी थांबली ती वाट एका पट्टीपायी सोडायला ही तयार होते, ह्याचा अर्थ त्यांना लागेना. मलाही लागला नाही. माझ्या चुकीपायी तिचा सुळका जातो आहे एवढंच कळत होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मार्ग निघाला.

आधी वाटलं होतं, कारखान्यात जाऊन मोठ्या मशीनवर पट्टी शिवून आणावी. शिवण मला येते. पण पिशवीचा बंद तुटला तर बटाटे सांडतात. तो विचार सोडला.

कोपऱ्यात नायलॉनच्या कोऱ्या पट्टीचं रीळ होतं. मोठ्या धोंड्याला वळसा घालून बांधायला म्हणून आणलेलं, चढाईचंच. पूर्वी शिवलेल्या स्लिंगा नव्हत्या तेव्हा लोक अशीच पट्टी गाठ मारून वापरत. गाठ सोपी आहे. एका टोकाला साधी ढिली गाठ, मग दुसरं टोक समोरून आत घालून तिच्याच वाटेने उलटं परत न्यायचं. पट्टीवर पट्टी सपाट बसली पाहिजे, पीळ नको. दोन्ही शेपट्या वीतभर बाहेर. ही गाठ हळूहळू सरकू शकते म्हणून दर वेळी लटकण्याआधी शेपट्या बघायच्या.

गाठीने ताकद कमी होते हे खरं. पण त्या दिवशी गाठ मारलेल्या जाडीने ठोकळा झेलला होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ताई समोर बसून सांगत होती, मी बांधत होतो. मी म्हणालो, "तूच बांध ना, तुझी आहे."

"तू शिकून घे."

"मग शेवटचं ओढ तरी तू. तुझा हात पक्का."

"नवी पट्टी कडक असते," म्हणाली. "तू ओढ. अजून. पाय लाव आणि ओढ."

पट्टी काही कडक नाही, तळहातावर ठेवली तर आपोआप वाकते. पण वाद घातला नाही. पाय लावून ओढली. मग गाठीला माझं सगळं वजन देऊन छताच्या लोखंडी तुळईला लटकलो. जमिनीपासून पाय हातभरच वर होते, तरी डोळे मिटले. शेपट्या हलल्या नव्हत्या.

नाव घातलं नाही.

२ मार्च, रविवार

दोघं सुखरूप आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मी सुळक्याच्या पायथ्याशी दुर्बीण घेऊन होतो. चढणं सुरेख झालं. ताई पुढे. ती खडकावर असली की तिला बघताना भीती वाटत नाही, इतकी ती तिथली वाटते. मधेमधे मात्र फार थांबत होती, आणि थांबली की उजवा हात झटकत होती. दुपारच्या आत दोघं माथ्यावर. भाऊजींनी हेल्मेट काढून हलवलं. ताई नुसती बसून राहिली. गुडघे पोटाशी घेऊन, लांब कुठेतरी बघत. मला वाटलं, नाचेल.

उतरताना झालं. मधल्या अँकरवर, म्हणजे उतरताना थांबायच्या जागी, दोघं आली, दोन बोल्टना आपापल्या स्लिंगांनी अडकली. पाय ठेवायला तिथे पुस्तकाच्या रुंदीची कड आहे. दोर वरून ओढून घेताना तो कुठेतरी अडकला. भाऊजी खालच्या बाजूला होते, ताई वर. ती दोर सोडवायला एक पाऊल चढली, मग आणखी एक. तिची कंबर बोल्टच्या बरोबरीला आली. स्लिंग ढिली पडलेली मला दिसत होती. ओरडावंसं वाटलं, पण आवाज पोचला नसता.

तिचा उजवा हात एका चांगल्या जाड कंगोऱ्यावर होता. तो उघडला.

मी तेच पाहत होतो म्हणून ठाम सांगतो. पाय नंतर सुटले. आधी हात उघडला, मूठ सोडावी तसा. कंगोरा निखळला असावा असं मला वाटलं आणि मी दगड चुकवायला मागे सरलो. पण दगड आला नाही. काहीच खाली आलं नाही.

ती पडली, ठोकळ्यासारखी. आणि स्लिंगेने तिला धरलं. एकदा थोडी वर उसळली, भिंतीला खांदा लागला, मग झुलत राहिली. भाऊजींनी तिला मिठीत ओढून घेतलं. दोघं तशीच बराच वेळ होती. मी खाली उभा होतो, आणि माझ्या तोंडातून फक्त ‘शेपट्या, शेपट्या’ एवढंच येत होतं.

जमिनीवर आल्यावर ताई पहिलं वाक्य माझ्याशी बोलली. "घेतलं रे सांभाळून."

भाऊजी म्हणाले, "दगड तुटला ना हातातला?"

ती म्हणाली, "हं."

३ मार्च, सोमवार

माणसाचं पडणं झेललेली स्लिंग पुन्हा वापरायची नाही. कापून टाकायची, म्हणजे चुकूनही कुणाच्या हाती जायला नको.

सकाळी मी ती टेबलावर ठेवली. गाठ इतकी आवळली आहे की नखसुद्धा शिरत नाही. एक शेपटी थोडी आखूड झाली आहे, दुसरी होती तेवढीच. ताई आली. म्हणाली, "मी कापते. माझा जीव वाचवलाय तिनं."

कात्री मी तिच्या हातात दिली. तिने बोटं अडकवली. पट्टी पात्यांत धरली. अंगठा दाबला जाईना. कात्री पडली. तिने उचलली, पुन्हा बोटं घातली, ओठ दाबून धरले. पुन्हा पडली. फरशीवर तिचा आवाज फार मोठा झाला.

भाऊजी दारात उभे होते. पहिल्यांदा पडली तेव्हापासून.

आत येऊन त्यांनी कात्री उचलली आणि ताईचा उजवा हात आपल्या हातात घेतला. एकेक बोट दाबून पाहिलं, जसं आम्ही दोर तपासतो, वीतवीत करून. अंगठ्याखालचा मांसल भाग आत बसला होता. एवढा खोलगट. माझ्या डोळ्यांसमोर असून मी तो पाहिला नव्हता.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून. वाढतंय."

"डॉक्टर?"

"आई घेऊन गेली होती. तपासण्या लिहून दिल्यात मोठ्या. म्हटलं, सुळका झाला की करू."

"मला का नाही सांगितलंस?"

"जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

भाऊजींचा आवाज चढला. "अगं, माझा दोर होता तुझ्या हातात! मी खाली लटकत होतो!"

"तुझा दोर त्या उपकरणात होता. हात सुटला तरी धरतं ते. तुझी सोय मी आधी केली." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "माझी ह्यानं केली. मी ह्याला सांगितलं होतं, मला सांभाळून घेणारी हवी. ह्यानं एकट्यानं नीट ऐकलं."

दोघंही माझ्याकडे बघत होती. मी ऐकलं नव्हतं. मी फक्त नायलॉन निवडलं होतं. तिने दोन्ही हातांनी धरलेला कप, खिशातला हात, आईकडची वेणी, ‘तू ओढ’, हे सगळं माझ्यासमोर झालं होतं आणि मी शिवणीचे टाके भिंगाखाली बघत बसलो होतो.

भाऊजींनी कात्री माझ्या हातात दिली. मी स्लिंग कापली. गाठ तुकड्यात तशीच राहिली. ती मी टाकली नाही.

४ मार्च, मंगळवार

तपासण्यांसाठी गुरुवारची वेळ मिळाली. काय निघेल कुणालाच माहीत नाही. आई म्हणते, आधीच काही बोलू नका.

सकाळी नेहमीप्रमाणे ताई वेणीसाठी आली. मागोमाग भाऊजीही आले. आईच्या हातातून कंगवा घेतला आणि म्हणाले, "मला दाखवा कशी घालतात."

आईने दाखवली. तीन पेड, उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून. भाऊजींना डोळे मिटून एका हाताने गाठी मारता येतात. पण इथे घामाघूम झाले. एक पेड निसटला की दुसरा धरायला जायचे, तोवर तिसरा सुटायचा.

"ओढू नका हो इतकी," आई म्हणाली. "तो काय दोर आहे?"

"ढिली ठेवली तर सुटेल."

"थोडी ढिलीच लागते," ताई म्हणाली. ती समोर भिंतीकडे बघत होती, दोन्ही हात मांडीवर. उजवा वर, उघडा.

शेवटी झाली. वाकडी, एका कानाकडे झुकलेली, खाली एक बट आधीच बाहेर आलेली. भाऊजी दोन पावलं मागे सरकून तिच्याकडे बघत राहिले, अँकर तपासावा तसे. मग हळूच शेपूट ओढून पाहिलं.

आई म्हणाली, "दुपारपर्यंत सुटेल ही."

"सुटू दे," ताई म्हणाली. "परत घालेल."